व्हायरस चिकटला म्हणजे पेशीत शिरला असं नाही

तुझा मेल आणि ग्राफ दोन्ही नीट बघितले. हेपारिन (हेपरान सल्फेटसारखीच मोकळी साखर) टाकलं की व्हायरस पेशींना चिकटत नाही, हे एकदम क्लीन आलंय, छान काम आहे. पण त्याखाली "हेपरान सल्फेट हाच रिसेप्टर" (म्हणजे पेशीवरची ही साखरच व्हायरसला आत घेते) असं लिहिलंयस ना, ते वाक्य आत्ता काढ.

हेपरान सल्फेटवर निगेटिव्ह चार्ज इतका असतो की पॉझिटिव्ह पॅच असलेलं काहीही त्याला जाऊन चिकटतं. आणि लॅबमध्ये व्हायरस पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवला की जे म्युटंट या साखरेला घट्ट धरतात तेच पुढे जातात. लाळ्या खुरकुताच्या व्हायरसचं हेच झालं होतं, कल्चरमध्ये हेपरान सल्फेट धरायला शिकलेला व्हायरस गुरांमध्ये मात्र कमजोर पडला. म्हणून तुझा स्टॉक कितव्या पॅसेजचा, म्हणजे लॅबमध्ये कितव्यांदा वाढवलेला, आहे ते आधी शोध, आणि जमलं तर पेशंटकडून आलेला, कमी पॅसेजचा व्हायरस घेऊन सगळं परत कर.

बाइंडिंग आणि इन्फेक्शन वेगवेगळं मोज. ४ डिग्रीला चिकटू दे (थंडीत चिकटतो, आत शिरत नाही), धुऊन काढ, मग ३७ ला ने. पेशी प्लेटवरून सोडवताना ट्रिप्सिन हे एन्झाइम नको, ते साखर धरून ठेवणारी प्रोटीनंच कापून टाकतं, ईडीटीए वापर, ते प्रोटीन कापत नाही. नुसत्या हेपारिनवर विसंबू नकोस कारण ते व्हायरसला झाकतं, पेशीबद्दल थेट काही सांगत नाही. पेशींवर हेपारिनेज (हेपरान सल्फेट कापणारं एन्झाइम) वापर, शिवाय ईएक्सटी१ (ही साखर बनवायला लागणारं जीन) नॉकआउट करून, म्हणजे बंद पाडून, बघ. बाइंडिंग पडलं पण इन्फेक्शन थोडंच कमी झालं, तर साखर फक्त व्हायरसला जवळ आणून ठेवते, दार उघडणारं दुसरंच कुणीतरी आहे. कोविडच्या व्हायरसमध्ये असंच दिसतं, त्याच्यावरचं स्पाइक प्रोटीन हेपरान सल्फेटला धरतं पण आत जायला पेशीवरचं एसीई२ हे प्रोटीन लागतं.

फ्लूचं वेगळं आहे, तिथे पेशीवरची दुसरी साखर, सियालिक अॅसिड हाच रिसेप्टर, माणसाच्या वरच्या श्वासमार्गात मुख्यतः अल्फा २,६ जोडणीचं (आकडे साखरी कुठे जोडल्यात ते सांगतात), बदकांच्या आतड्यात अल्फा २,३. एकेक पकड अगदी कच्ची असते पण अशा शेकडो पकडी एकत्र आल्या की व्हायरस सुटत नाही, आणि म्हणूनच त्याला ती साखर कापणारी न्यूरामिनिडेज ही कात्री पण ठेवावी लागते. व्हायरसवर काम करणाऱ्या जॉर्ज हर्स्टनी १९४२ मध्ये हेच टिपलं होतं, थंडीत तांबड्या पेशींना चिकटलेला व्हायरस ३७ डिग्रीला आपोआप सुटला आणि त्या पेशी नवा व्हायरस धरेनात. मला तो प्रयोग अजूनही फार सुंदर वाटतो, नुसतं चिकटणं बघून ते थांबले नाहीत, सुटणंही बघितलं.

हेपारिनेजचा पहिला रन झाला की कच्चा डेटाच पाठव, ग्राफ आपण मिळून काढू.