ब्राझीलच्या मरीना सिल्वा कोण आहेत, आणि २००८ साली सोडलेल्या मंत्रिपदावर त्या २०२३ मध्ये पुन्हा का आल्या?

ब्राझीलचे डावे नेते आणि अध्यक्ष लुला दा सिल्वा यांच्या सरकारातून राजीनामा देऊन बाहेर पडलेली आणि पुढे त्यांच्या पक्षाविरुद्ध निवडणूक लढवलेली व्यक्ती पंधरा वर्षांनी त्यांच्याच मंत्रिमंडळात त्याच खात्यावर कशी आली, असे आपण विचारले आहे. ॲमेझॉनमधील जंगलतोडीचे आकडे मी गेली काही वर्षे नेमाने पाहत आले आहे, आणि माझ्या मते या परतण्याचे कारण त्या आकड्यांतच आहे. पण त्याआधी मरीना कुठून आल्या हे सांगणे आवश्यक आहे.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९५८ रोजी ॲमेझॉनमधील आक्रे राज्यात, त्या राज्याची राजधानी रियो ब्रांकोपासून दूर असलेल्या रबराच्या जंगलात झाला. आईवडील ईशान्येकडील सेआरा या दुष्काळी राज्यातून आलेले होते. अकरा भावंडांपैकी आठच जगली. तिथला रबर म्हणजे आपल्याकडच्या केरळातल्यासारखी ओळीने लावलेली बाग नव्हे. झाडे जंगलात विखुरलेली असतात, त्यामुळे पहाटे अंधारात निघून, मैलोन्मैल पायवाटेने फिरून झाडांना खाचा पाडायच्या आणि त्याच वाटेने पुन्हा जाऊन चीक गोळा करायचा, असा दिवस जातो. माल विकायचा तो जंगलमालकालाच, आणि मीठ, कापड, हत्यारे घ्यायची तीही त्याच्याच दुकानातून उधारीवर. हिशेबाची वही मालकाच्या हातात असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या कर्ज फिटत नसे, आणि मजुरांच्या मुलांसाठी शाळा निघू नये यात मालकाचे हित होते. मरीना सोळाव्या वर्षी काविळीच्या उपचारासाठी शहरात आल्या, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तोवर आई वारलेली होती. शहरात त्यांनी लोकांच्या घरी काम केले, काही काळ ख्रिस्ती जोगीण (नन) होण्याच्या इच्छेने मठात राहिल्या, प्रौढ साक्षरता वर्गात अक्षरे शिकल्या आणि १९८४ मध्ये इतिहासाच्या पदवीधर झाल्या.

याच काळात त्यांची भेट रबर मजुरांचे नेते शिको मेंदेस यांच्याशी झाली. कुरणांसाठी जंगल तोडायला आलेल्या टोळ्यांसमोर मजुरांची कुटुंबेच्या कुटुंबे, बायकामुलांसह, शांतपणे उभी राहत. या अडवणुकीला तिथे 'एम्पाते' म्हणत, आणि मरीना त्यात सामील होत. १९८८ साली त्या रियो ब्रांकोच्या नगरपरिषदेवर निवडून आल्या, आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला मेंदेस यांना शापुरी येथील त्यांच्या घराच्या मागील दारी गोळी घालून ठार करण्यात आले. मरीना १९९० मध्ये राज्याच्या विधानसभेत, १९९४ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिनेटवर आणि २००३ मध्ये लुलांच्या पहिल्या मंत्रिमंडळात पर्यावरणमंत्री म्हणून पोहोचल्या.

बालपणाची ही कहाणी जगभर सांगितली जाते. मंत्री म्हणून त्यांनी काय केले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही, आणि मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. २००४ साली ॲमेझॉनमध्ये सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर जंगल तोडले गेले. त्याच वर्षी जी योजना सुरू झाली, तिचे वैशिष्ट्य असे की जंगल हा एकट्या पर्यावरण खात्याचा विषय न राहता अनेक मंत्रालयांची जबाबदारी ठरला. वर्षाअखेरीस हानी मोजणाऱ्या जुन्या पद्धतीला जोड म्हणून, तोड चालू असतानाच इशारा देणारी उपग्रह यंत्रणा आली. २००५ मध्ये लाकूडचोरांबरोबर खुद्द पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे मरीना यांच्याच खात्याखालच्या, कर्मचाऱ्यांना अटक झाली. सर्वाधिक तोड होणाऱ्या ३६ तालुक्यांची यादी जाहीर करण्यात आली. पुढे जमिनीची कागदपत्रे आणि पर्यावरण नियमांचे पालन दाखवल्याशिवाय या प्रदेशात शेतीकर्ज मिळणार नाही, असाही नियम झाला. हा शेवटचा उपाय मला सर्वांत मर्मग्राही वाटतो, कारण कुऱ्हाड चालवणारा मजूर बदलता येतो, बँकेचा पैसा आटला की मात्र ती चालवून घेणाराच अडतो. २०१२ पर्यंत वार्षिक तोड सुमारे ४,६०० चौरस किलोमीटरवर आली.

ती घट पाहायला मरीना पदावर नव्हत्या. मादेइरा नदीवरील मोठ्या धरणांना लवकर परवाने द्यावेत यासाठी सरकारमधूनच दडपण येत होते, आणि ॲमेझॉनच्या विकास योजनेची सूत्रे दुसऱ्या मंत्र्याकडे सोपवण्यात आली, तेव्हा मे २००८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढल्या वर्षी पक्षही सोडला. २०१० च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना सुमारे १९ टक्के मते मिळाली. २०१४ मध्ये त्या एदुआर्दो कांपोस यांच्या सहउमेदवार होत्या. १३ ऑगस्टला विमान अपघातात कांपोस यांचे निधन झाले आणि मरीना यांना अचानक मुख्य उमेदवार व्हावे लागले. काही आठवडे त्या जिंकतील असे चित्र होते, पण प्रचारात जाहीरनाम्यातील समलिंगी विवाहाविषयीचा मजकूर एका दिवसात बदलण्यात आला. यातून त्यांच्या ठामपणाविषयी जी शंका निर्माण झाली ती रास्त होती, असे त्यांच्याविषयी आदर असूनही मला म्हणावे लागते. त्या २१ टक्के मतांसह तिसऱ्या आल्या. दुसऱ्या फेरीत त्यांनी लुलांच्या डाव्या पक्षाविरुद्ध उभ्या असलेल्या उमेदवाराला पाठिंबा दिला, जो जुन्या सहकाऱ्यांपैकी अनेकांनी विसरला नाही. २०१८ मध्ये तर मते एका टक्क्यावर आली.

आता आपला प्रश्न. २०१९ नंतर अध्यक्ष बोल्सोनारो यांच्या राजवटीत देखरेखीची यंत्रणा खिळखिळी झाली आणि २०२१ साली तोड १३,००० चौरस किलोमीटरवर गेली. उपग्रह इशारे देतच होते, पण त्यावर कारवाई करण्याची सरकारची इच्छा उरली नव्हती. हे पाहिल्यावर बाहेर राहून टीका करण्याचा मार्ग मरीना यांना अपुरा वाटला असावा, असा माझा निष्कर्ष आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या पुन्हा निवडणुकीला उभे असलेल्या लुलांकडे रिकाम्या हाताने गेल्या नाहीत. पर्यावरणविषयक मागण्यांचा लेखी मसुदा त्यांनी पुढे ठेवला, तो मान्य झाल्यावरच पाठिंबा जाहीर केला आणि जानेवारी २०२३ मध्ये खाते स्वीकारले. २०२४ मध्ये तोड सुमारे ६,३०० चौरस किलोमीटरपर्यंत खाली आली.

जुना संघर्ष मात्र संपलेला नाही. मे २०२५ मध्ये सिनेटच्या समितीत एका सदस्याने, स्त्री म्हणून आपण आदरास पात्र आहात पण मंत्री म्हणून नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. मरीना यांनी माफीची मागणी केली आणि ती न मिळताच सभागृह सोडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ब्राझीलमधील बेलें शहरात भरणाऱ्या हवामान परिषदेला काही आठवडे उरले असताना, ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या समुद्रात तेलविहीर खोदण्यास परवाना मिळाला. २००८ मध्ये धरणांच्या वादानंतर त्या बाहेर पडल्या होत्या, या वेळी त्या पदावर राहिल्या.