शिबिर संपले, शांतता कुठे गेली?

प्रश्न : मी ४७ वर्षांची असून ठाण्यात राहते आणि बँकेत नोकरी करते. दिवाळीनंतर रजा साठवून इगतपुरीला विपश्यना ध्यानाचे दहा दिवसांचे शिबिर केले. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मन जे निवांत झाले, तसे पूर्वी कधीच झाले नव्हते. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास ध्यानाला बसायचे ठरवले होते. पण तीन आठवड्यांत तासाचा अर्धा तास झाला, मग दहा मिनिटे, आणि आता तर बसणे सुटलेच आहे. घर रस्त्यालगत आहे, सासऱ्यांना कमी ऐकू येत असल्याने टीव्ही मोठ्याने चालतो, आणि फोन तर दिवसभर वाजतच असतो. शांतता हवी असेल, तर हे घर सोडून गावाकडे जावे लागेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचे पत्र वाचताना, शिबिरात तुम्हाला नेमके काय मिळाले होते, याचा आधी विचार करावासा वाटला. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात आवाज नव्हता, असे तुम्हालाही म्हणता येणार नाही. पहाटे चारची घंटा, ध्यानकक्षात मागच्या ओळीतून येणारा खोकला, भोजनालयात शेकडो ताटवाट्यांचा खणखणाट हे सगळे होतेच. नव्हते ते एवढेच, की कोणी तुमच्याकडून उत्तराची अपेक्षा करीत नव्हते. फोन पहिल्याच दिवशी जमा झाला होता, लिहिण्या-वाचण्याला मनाई होती आणि आर्य मौनाच्या, म्हणजे बोलणे आणि खाणाखुणाही टाळण्याच्या, नियमामुळे शेजारणीकडे पाहून हसण्याचेही कर्तव्य उरले नव्हते. माझ्या मते तुमच्या मनाला विसावा मिळाला तो यामुळे. घरी आल्यावर कानांवर आवाज पडू लागले, त्याहीपेक्षा तुम्ही पुन्हा प्रत्येकाला उत्तर देण्यास बांधील झालात, हे अधिक महत्त्वाचे आहे.

म्हणून घर सोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. गावाकडच्या घरीही फोन तुमच्याबरोबरच येईल.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद ठेवले जातात. मुलांच्या अभ्यासासाठी हा नियम ग्रामसभेत ठरला. यातले मर्म मला असे दिसते, की त्या दीड तासात कोणी फोन उचलला नाही, तर कोणाला राग येत नाही, कारण साऱ्या गावाला ती वेळ ठाऊक असते. तुम्ही मात्र एकट्यानेच, कोणालाही न सांगता, मनातल्या मनात तासभर बसायचे ठरवले होते. घरच्यांना ते माहीत नसेल, तर मधूनच हाक मारण्यात त्यांचा दोष कसा म्हणावा?

तेव्हा आधी वेळ जाहीर करा. तासाचा आग्रह सध्या सोडून द्या. वीस मिनिटे पुरेत, पण ती रोज त्याच वेळी असावीत आणि ती मुलांना, यजमानांना आणि सासऱ्यांनाही ठाऊक असावीत. त्या वेळेपुरता फोन स्वयंपाकघरात, डब्यांच्या मागे ठेवून या. आवाज बंद करून फोन मांडीशी ठेवला, तरी मन त्याच्या काचेवर उजेड कधी पडतो याची वाट पाहत राहते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

यावर ‘मला असे कोणालाच उत्तर न देता बसणे परवडणारे नाही’, असे तुम्ही म्हणाल. गांधीजी दर सोमवारी मौन पाळीत. २ जून १९४७ हा सोमवार होता, आणि फाळणीची योजना समजून घेण्यासाठी त्यांना व्हाइसरॉय माउंटबॅटन यांच्याकडे जावे लागले. त्यांनी भेट टाळली नाही आणि मौनही मोडले नाही. वापरलेल्या पाकिटांच्या मागच्या बाजूवर पेन्सिलीने चार ओळी लिहून दिल्या. घरात कोणी आजारी असेल, तर तुम्हालाही कागद-पेन्सिल जवळ ठेवता येईल. बाकी सगळे वीस मिनिटे थांबू शकते.

सासऱ्यांच्या टीव्हीचा प्रश्न मात्र ध्यानाने सुटणार नाही. त्यांचे कान तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून घ्या. श्रवणयंत्र लागू पडले तर उत्तमच, नाहीतर टीव्हीला जोडता येणारे हेडफोन मिळतात. यात त्यांचाही लाभ आहे, कारण ज्याला नीट ऐकू येत नाही, तो घरात बोलण्यातून हळूहळू बाजूला पडत जातो. रस्त्यावरच्या ध्वनिक्षेपकांविषयी इतकेच सांगते, की २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि ती ओलांडली गेल्यास पोलिसांकडे तक्रार करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

शिबिरात मौन शेवटच्या दिवसापर्यंत न ताणता दहाव्या दिवशीच सोडायला लावतात आणि साधक अकराव्या दिवशी सकाळी घरी परततात, हे तुमच्या लक्षात असेल. गजबजाटात परतणे जड जाते, हे त्या परंपरेलाही ठाऊक आहे, म्हणूनच मधला एक दिवस बोलण्यासाठी राखलेला असतो. तुम्हाला तो एक दिवस पुरला नाही, तर साधना वाया गेली असे कृपया मानू नका. ठाण्या-मुंबईत जुन्या साधकांच्या, म्हणजे शिबिर केलेल्यांच्या, ध्यानाच्या सामूहिक बैठका होतात. आठवड्यातून एकदा तिथे जाऊन बसा, आणि पुन्हा शिबिराला जायचे की नाही, हे तीन महिन्यांनी ठरवा.