लॉक लावलेलं, तरी स्क्रीन उघडी कशी?

प्रश्न: मी ऐरोलीला राहतो, ऑफिस वागळे इस्टेटला. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय, ५ मिनिटांनी आपोआप लॉक होईल असं सेटिंग आहे. परवा खाली टपरीवर चहाला गेलो, अर्ध्या तासाने आलो तर स्क्रीन चालू, क्लायंटच्या फायली समोर, राइट क्लिकचा मेनू पण उघडाच होता. पासवर्ड मागितलाच नाही. कोणी हॅक केलं का?

उत्तर: हॅकची शंका काढून टाका. मेनूचं लिहिलंत ते फार बरं झालं, कारण सगळी गोम तिथेच आहे. तुमच्याकडे बहुतेक एक्स११ (लिनक्सवर स्क्रीनवर विंडो दाखवणारी जुनी यंत्रणा) चालू असणार, आणि एक्स११ मध्ये लॉक म्हणजे बाकी सगळ्यांच्या वर पसरलेली एक साधी विंडोच असते हो, ती आधी कीबोर्ड नि माउस आपल्या ताब्यात घेते आणि मग पासवर्ड मागते. आता उघडलेला मेनूही नेमका हाच ताबा घेऊन बसतो आणि ताबा एका वेळी एकालाच मिळतो, म्हणून लॉकवाला आला, त्याला काही मिळालं नाही, तो गप परत गेला. करून बघा, टाइम १ मिनिट ठेवा, डेस्कटॉपवर राइट क्लिक करा आणि हात लावू नका.

मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. ही विंडो दाखवणारा प्रोग्रॅम क्रॅश झाला तर खालचा डेस्कटॉप सरळ उघडा पडतो. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये हेच झालं, एका घरातल्या लहान मुलांनी खऱ्या आणि ऑनस्क्रीन कीबोर्डवर मिळतील ती बटणं दाबली आणि लॉक गेलं. पोरांना जमलं ते कोणालाही जमेल! जेमी झविन्स्की १९९२ पासून एक्सस्क्रीनसेव्हर हा एक्स११ वरचा स्क्रीनसेव्हर नि लॉकचा प्रोग्रॅम लिहितायत, त्यांनी म्हणूनच लॉकचा भाग छोटा ठेवला आणि शोभेची ग्राफिक्स वेगळ्या प्रोसेसमध्ये टाकली, ती पडली तरी लॉकला धक्का नाही. मला हा विचार मनापासून पटतो, लॉकमध्ये घड्याळ, हवामान, गाण्यांची बटणं कोंबायची गरजच काय.

वेलँडवर, म्हणजे एक्स११ च्या जागी आलेल्या नव्या यंत्रणेवर, हा प्रश्न मुळातून सोडवायची सोय आहे. तिथे सेशन लॉकचा वेगळा प्रोटोकॉल आहे, तो वापरणारा लॉक प्रोग्रॅम मेला तरी कंपोझिटर (सगळ्या विंडो स्क्रीनवर मांडणारा मुख्य प्रोग्रॅम) स्क्रीन झाकूनच ठेवतो. तुमच्याकडे दोन्हींपैकी काय चालतंय ते, नोम डेस्कटॉप असेल तर, सेटिंग्जच्या अबाऊटमध्ये, सिस्टीम डिटेल्समध्ये 'विंडोइंग सिस्टीम' पुढे लिहिलेलं असतं. लॅपटॉपला झेपत असेल तर लॉगिन करतानाच वेलँडचं सेशन निवडा.

तोवर टायमरच्या भरवशावर राहू नका. उठायच्या आधी मेनू बंद करा, हाताने लॉक करा आणि एखादं बटण दाबून पासवर्डची चौकट येते का ते बघा, ती आली की मगच चहाला जा.