शिकायला वय नसतं, मग खात्याला का?

प्रश्न : वय 46. हर्णैला मासळी सुकवून विकते. यंदा मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. विद्यार्थी खातं उघडायला गेले, तर साहेब म्हणाले, 'ही योजना पोरांसाठी.' जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा साध्या खात्याला लागणारी किमान शिल्लक राहत नाही. काय करू?

उत्तर : ताई, तुमचं विद्यार्थी ओळखपत्र खरं आहे, अजिबात संकोचू नका. विद्यार्थी खात्याची वयोमर्यादा बँका आपापली ठरवतात. त्यावर भांडण्यात दिवस घालवू नका. 'मूलभूत बचत ठेव खातं' मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्याला वयाची, उत्पन्नाची अट नाही, किमान शिल्लक नाही, एटीएम कार्डही मोफत. त्याच बँकेत दुसरं बचत खातं असेल तर मात्र ते बंद करावं लागेल. नकार दिला तर लेखी तक्रार द्या, पोच घ्याच. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. तिथे शुल्क नाही.