अडीच महिन्यांचे पिल्लू चावते, चपला कुरतडते, घरात शू करते; न मारता वळण कसे लावावे?

तुम्ही लिहिले आहे की लॅब्राडॉरचे पिल्लू घरी येऊन दोन आठवडे झाले, ते हातापायांना चावते, दारातल्या चपला कुरतडते, फरशीवर वाटेल तिथे शू करते, आणि तुमच्या वडिलांचे म्हणणे असे की वर्तमानपत्राची गुंडाळी करून एकदा पाठीत घातली की ते सुतासारखे सरळ होईल. सुरुवात त्या गुंडाळीपासूनच करते, कारण तो प्रयोग मी स्वतः करून बसले आहे.

आठ वर्षांपूर्वी कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या परड्यात पाच आठवड्यांचे एक गावठी पिल्लू एकटेच सापडले. त्याचे नाव भुंगा ठेवले. फरशीवर ओले दिसले की मी त्याला मानगुटीला धरून तिथे नेत असे, डाग दाखवत असे आणि गुंडाळीचा एक फटका देत असे. पंधरा दिवसांनी परिणाम दिसला, पण तो असा : सकाळी पुढच्या सोप्यात मामंजींनी पेपर उघडला आणि त्याची नुसती घडी वाजली, की भुंगा पलंगाखाली जाऊन बसे. शू करणे थांबले नव्हतेच; ते कपाटामागे सरकले होते. बाहेर नेले तर अर्धा अर्धा तास तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राही, एक थेंब करत नसे, आणि घरात आल्याबरोबर कपाटामागे जाऊन मोकळा होई. घरात शू करायची नाही, हे मी शिकवत होते. हिच्यासमोर शू करायची नाही, हे तो शिकला होता. त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे काहीच चुकले नव्हते.

याचे कारण असे की पिल्लू ज्या क्षणी जे करत असते त्याच्याशी, फार तर एकदोन सेकंदांच्या आत, जे घडेल तेवढ्याचाच संबंध त्याला लावता येतो. दहा मिनिटांपूर्वीच्या डागासाठी बसलेला फटका त्याच्या लेखी डागासाठी नसतो. तो हातासाठी, कागदाच्या आवाजासाठी किंवा तुमच्या जवळ येण्यासाठी असतो. मग ते कान पाडून, नजर चुकवून बसते आणि आपण म्हणतो, बघा, केलेले कळते आहे त्याला. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अभ्यासिकेने २००९ साली हेच तपासून पाहिले होते. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, याची मालकाला कधी खरी तर कधी खोटी माहिती दिली गेली. तो ‘अपराधी’ चेहरा मालकाच्या रागावण्याबरोबर येत होता, खाण्या न खाण्याबरोबर नव्हे. खाऊला तोंडही न लावलेल्या कुत्र्यांनी बोलणी खाल्ली, तेव्हा तर तो अधिकच ठळक दिसला.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे की पिल्लू जे वारंवार करते त्यातून त्याला काहीतरी मिळत असते. काय मिळते ते शोधा, ते बंद करा, आणि तेच त्याला दुसऱ्या, आपल्याला चालेल अशा मार्गाने मिळू द्या. ‘नको’ हा शब्द त्याला काहीच सांगत नाही. काय हवे ते दाखवावे लागते.

शू हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. अडीच महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवता येत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, पाणी प्यायल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला न चुकता उचलून परड्यातल्या, अंगणातल्या किंवा गच्चीवरच्या एकाच ठराविक जागी न्यावे, गप्प उभे राहावे, आणि त्याचे झाल्याबरोबर तिथल्या तिथे खाऊचा कण द्यावा. घरात येऊन दिलेला खाऊ घरात येण्याबद्दल असतो, हे ध्यानात ठेवावे. रात्रीही एकदा उठावे लागेल. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणातल्या झडीत मी छत्री घेऊन मध्यरात्री परड्यात उभी राहिले आहे आणि भुंगा पागोळ्यांकडे बघत बसला आहे; अशा दिवसांसाठी पडवीत किंवा गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून जागा करावी, म्हणजे त्या कागदाचा काही सदुपयोग तरी होईल. घरात चूक झालीच तर न बोलता पुसून घ्यावे, मात्र फिनेलने नव्हे. फिनेलच्या वासाखाली आपल्याला मूत्राचा वास येत नाही, त्याला येतो, आणि ओली फरशी चाटली तर फिनेल पोटात जाते ते वेगळेच. कापडाने टिपून, साध्या पाण्याने धुऊन, पाण्यात व्हिनेगर मिसळून पुसले तरी बरेच भागते. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा, मूत्राचा वास मोडणारा एन्झाइमचा द्राव आणला तर उत्तमच.

चावण्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण घरातली माणसे खरी वैतागतात ती त्यानेच. पिल्लाला हात नसतात. जग ते तोंडाने चाचपून पाहते. त्याचे २८ दुधाचे दात सुईसारखे असतात, ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी कायमचे ४२ दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवत राहतात. किती जोराने चावले म्हणजे समोरच्याला लागते, हे पिल्लू आपल्या भावंडांकडून शिकते : खेळता खेळता एकाने जोरात धरले की दुसरे केकाटते, खेळ सोडून निघून जाते, आणि चावणाऱ्याचा खेळच संपतो. म्हणूनच आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, आणि कुत्र्यांच्या पैदाशीविषयीच्या २०१७ च्या नियमांनी त्याआधी ते विकायलाही मनाई केली आहे. भुंगा पाचव्या आठवड्यातच एकटा पडला होता, त्यामुळे त्याला हा धडा मिळालेला नव्हता. तुमच्या पिल्लाला निदान त्याची सुरुवात तरी मिळालेली असेल.

आमच्या सासूबाई नऊवारी नेसत. त्या चालू लागल्या की लुगड्याचा काठ घोट्याशी हलायचा आणि भुंगा त्यावर झडप घालायचा. सासूबाई काठ ओढायच्या, तो आणखी जोराने ओढायचा. त्या ‘सोड मेल्या’ म्हणून ओरडायच्या आणि त्याची शेपटी आणखी वेगाने हलायची. या प्रकारात त्याला काय मिळत होते, हे एकदा सोप्यात बसून मी नीट पाहिले. हलणारी वस्तू, ओढाताण, आवाज आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाचे संपूर्ण लक्ष : पिल्लासाठी याहून मोठी जत्रा नाही. मी सासूबाईंना विनंती केली की त्याने काठ धरला की तुम्ही जिथे असाल तिथे खांबासारख्या उभ्या राहा, खाली पाहू नका, बोलू नका. पहिल्या दिवशी तो काठ धरून झोके घेत राहिला. त्याने सोडल्याबरोबर मी जवळ दोरीची गाठ टाकायची, ती त्याने धरली की हलवायची, म्हणजे जत्रा तिथे भरायची. चौथ्या-पाचव्या दिवशी सासूबाई उठल्या की तो आधी दोरी शोधू लागला. एक इशारा मात्र द्यायला हवा : आजवर ज्याने काम होत होते ते अचानक होईनासे झाले, की पिल्लू सोडून देण्यापूर्वी दोन-तीन दिवस तेच अधिक जोर लावून करून पाहते. नेमके याच वेळी घरचे म्हणतात की या उपायाने वाढलेच की, आणि सोडून देतात.

हाताला चावले तर हात झटक्याने ओढू नये, तो सैल सोडावा, खेळ थांबवावा, आणि तरीही त्याने धरले तर स्वतःच उठून वीस-तीस सेकंद दाराआड जावे. त्याला कोंडायचे नाही. आपण निघून जायचे आणि शांतपणे परत यायचे. तोंड दाबून धरणे, नाकावर टिचकी मारणे, उताणे पाडून दाबणे यांतले काहीही करू नये. त्यातून ते हाताला घाबरू लागते, आणि घाबरलेले कुत्रे मोठेपणी खरे चावते. लहान मुले ओरडत पळतात, तेव्हा ते त्याला खेळाचे आमंत्रणच वाटते. मुलांना ‘झाड हो’ हा खेळ शिकवा, हात छातीशी आणि पाय जमिनीत रुतलेले. खेळताना दात लागून रक्त आले किंवा नुसते खरचटले, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. घरचेच पिल्लू आहे, अजून लहान आहे, असे म्हणून रेबीजच्या बाबतीत अंगावर काढू नये.

संध्याकाळी ते वेड लागल्यासारखे घरभर धावते आणि तेव्हाच सर्वांत जास्त चावते, असेही तुम्ही लिहिले आहे. सासूबाई म्हणत, तिन्हीसांजेचे त्याच्यात वारे शिरते. बहुतेक वेळा ते वारे म्हणजे अपुरी झोप असते. या वयाचे पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपते, आणि घरात पाहुणे, मुले, दूरदर्शन यांच्या गडबडीत त्याला तेवढी झोप मिळत नाही. कोपऱ्यात जुनी सतरंजी टाकून, दिवा मंद करून त्याला तिथे चघळायला काही दिले की दहा मिनिटांत डोळे मिटतात. भुंगाच्या चावण्यातले निम्मे यानेच गेले.

आता चपला. कोल्हापुरात हा प्रश्न जास्तच अवघड, कारण आपली चप्पल म्हणजे कातडे, ते मऊ राहावे म्हणून चोळलेले तेल, आणि वर पायाचा घाम. त्याच्या नाकाला हा खाऊच आहे. मामंजींच्या कर्र वाजणाऱ्या नव्या जोडाचा अंगठा भुंगाने एका दुपारीत असा काढला होता की जणू मूळचाच नव्हता. मामंजींनी तो जोड हातात धरून माझ्याकडे पाहिले, भुंगाकडे नाही. आणि ते बरोबरच होते, कारण चप्पल जमिनीवर मी ठेवली होती. सहा महिने चपला उंच फळीवर ठेवा. जुनी चप्पल खेळायला देण्याची चूक करू नका. जुनी कुठली आणि नवी कुठली हे त्याला कळत नाही. सुती फडक्याला गाठी मारून, भिजवून, बर्फाच्या कप्प्यात गारठवून द्यावे, शिवशिवणाऱ्या हिरड्यांना बरे वाटते. फक्त ते फडके आपल्या देखत द्यावे आणि धागे सुटू लागले की टाकावे. त्याने चप्पल पळवली तर पाठलाग करू नये, तो त्याच्यासाठी खेळ होतो. खाऊ दाखवून अदलाबदल करावी.

खाऊ म्हणजे त्याच्या रोजच्या खाण्यातलेच दाणे, किंवा मीठ-मसाला न घातलेल्या उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे. आपल्या घरांत तासगावचे बेदाणे हाताशी असतात आणि ते सहज दिले जातात. ते देऊ नयेत, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. रविवारच्या मटणाचेही तेच. रश्श्यातला कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो आणि शिजलेले हाड फुटून घशात किंवा आतड्यात रुततं. शिवाय ताटावरून कधीतरीच मिळालेला तुकडा रोज मिळणाऱ्या तुकड्यापेक्षा वाईट असतो. रोजचे बंद झाले की ते लवकर नाद सोडते. कधी मिळते आणि कधी नाही असे असले की मटका लागेल या आशेने बसल्यासारखे ते प्रत्येक जेवणाला येऊन भुंकते. आमच्याकडे चोरून देणारे मामंजी होते. त्यांना ‘देऊ नका’ म्हणून उपयोग झाला नाही. ‘तुमच्या हातचा तुकडा त्याच्या वाटीत, आपली जेवणे झाल्यावर’ असे ठरवले, ते त्यांनी पाळले.

एक गोष्ट मात्र वळण लावण्यात मोडत नाही. खाताना किंवा काही चघळताना ते गुरगुरले तर रागावू नका आणि वाटीही हिसकावू नका. गुरगुरणे ही त्याची सूचना असते. ती दाबली तर पुढच्या वेळी सूचनेशिवाय दात लागतात. जाता येता वाटीत चिकनचा एखादा तुकडा टाकत राहावे, म्हणजे माणूस जवळ येणे त्याला फायद्याचे वाटू लागते. तरीही अंग ताठ करून गुरगुरणे वाढत गेले, तर पशुवैद्यांना दाखवा. कान, पोट किंवा दात दुखत असतानाही पिल्ले अशी वागतात.

वडिलांना सकाळची पहिली फेरी द्या. उठल्याबरोबर पिल्लाला परड्यात नेणे, तिथे झाल्याबरोबर स्वतःच्या हाताने खाऊ देणे, आणि मग पेपर. आठवडाभरात पिल्लू त्यांच्याच मागे फिरू लागेल, आणि गुंडाळीचा विषय तुम्हाला काढावा लागणार नाही. सहाव्या महिन्याच्या सुमारास एकदा ओठ उचलून पाहा : नवा सुळा आला आहे आणि दुधाचा सुळा शेजारी तसाच उभा आहे असे दिसले, तर तो दवाखान्यात दाखवावा लागतो, आपोआप पडेल म्हणून थांबू नये.