चाचीला माझं माप ठाऊक होतं

प्रिय चिमू,

मंगळवारी संध्याकाळी तू विचारलंस त्याला मी उत्तर दिलं नाही. भात करपेल म्हणून गॅसकडे वळले. भात करपत नव्हता.

तू नुकतीच शाळेतून आली होतीस. शाळेसमोर पिवळा कोट घालून, हातात गोल पाटी धरून मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या त्या बाई गेल्या. त्यांच्यासाठी आज सगळे हॉलमध्ये जमलो होतो, ज्याला जे आठवलं ते त्यानं उभं राहून सांगितलं, असं तू सांगत होतीस. कुणी त्यांच्या हातमोज्यांचं सांगितलं, कुणी त्यांच्या कुत्र्याचं. तेवढ्यात माझ्या फोनवर गावच्या ग्रुपवर बातमी आली, मनियार चाची गेली. मी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, जोडलेले हात टाकले आणि फोन ठेवला. तू बघत होतीस. "आई, तू ओळखायचीस त्यांना?" मी हो म्हणाले. "मग सगळ्यांनी लिहिलंय तेच का लिहिलंस? तुमच्याकडे मेलेल्या माणसाबद्दल कुणी काही सांगत नाही का?"

'तुमच्याकडे' हा शब्द लागला मला. दोन दिवस मी त्यावरच अडून बसले होते. मग वाटलं, शब्द बाजूला ठेवला तरी तुझा प्रश्न उरतोच.

सांगतात गं. पण उभं राहून, पाळीपाळीनं नाही सांगत.

माझ्या लहानपणी कुणी गेलं की गल्लीत आधी आवाज यायचा. बायका हेल काढून रडायच्या. तो आवाज तुला ऐकवला तर तू घाबरशील. मीही घाबरायचे, उतरंडीच्या मागं जाऊन बसायचे. पण तिथं बसून कान दिला की कळायचं, त्या रडण्यात शब्द आहेत, आणि ते गेलेल्या त्या एकाच माणसाचे आहेत, दुसऱ्या कुणालाच लागू पडणारे नाहीत. शेजारच्या काकू गेल्या तेव्हा त्यांची जाऊ म्हणत होती, "आता जात्याच्या पल्याड कोण बसंल गं माझ्या बाये, खुंट्याला दुसरा हात कोण लावील." एकीचा दम संपला की दुसरी उचलायची. काकूंचं माहेर कुठलं, पहिलं लेकरू कसं हाती लागलं नाही, १९७२च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जायच्या तेव्हा वाटपाची सुकडी स्वतः न खाता पदराला बांधून घरी कशी आणायच्या, हे सगळं मी त्या दिवशी ऐकलं. काकू असताना मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या माझ्यासाठी फक्त आमचा चेंडू परत न देणाऱ्या काकू होत्या.

त्या घरी चूल पेटायची नाही. शेजारची घरं पिठलं-भाकरी पोचवायची. आम्ही कुणाच्याही मरणाला 'मातीला जायचं' म्हणतो. जाळणाऱ्यांच्या घरीही मातीच, लिंगायतांच्या घरी बसवून पुरतात तिथंही मातीच, आणि कब्रस्तानात गेलं तरी मातीच. तू लहान असताना मी फोनवर 'मामा मातीला गेलाय' म्हणाले की तुला वाटायचं मामा शेतात गेलाय. मी ते दुरुस्त केलं नाही कधी.

सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. जिनं सुनेला पोटभर खाऊ घातलं नाही, तीच सासू सुनेच्या मातीला सगळ्यांत उंच हेल काढायची, हेही मी त्याच उतरंडीमागून पाहिलंय. आणि माझे आजोबा गेले तेव्हा बाईच्या (तुझ्या पणजीच्या, आम्ही सगळे तिला बाईच म्हणायचो) हातातल्या बांगड्या चार बायकांनी मिळून फोडल्या. बाई 'हळू' म्हणाली. एवढंच. तिच्या मनगटावर काच लागून रक्त आलं होतं. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ही विधवेच्या बांगड्या फोडायची, कुंकू पुसायची चाल बंद करायचा ठराव केला, तेव्हा मी ती बातमी दोनदा वाचली आणि बाईचं मनगट आठवून न्हाणीघरात जाऊन रडले. तेव्हा तू मला दाराबाहेरून हाक मारत होतीस. म्हणून 'आमची रीत' असं मोठ्यानं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता चाची.

ती मनियार होती, बांगड्या विकायची. मराठवाड्यात खूप गावांत हे काम मुसलमान मनियार घराणी करतात. डोक्यावर टोपली, तिच्यावर फडकं, आणि दारातूनच हाक, "काय करलालीस गं, हात धुऊन ये." हात धुतला की ती साबणाचा फेस लावून माझी मूठ स्वतःच्या हातात घ्यायची, अंगठ्याखालचं हाड बोटांनी दाबून आत वळवायची आणि बोलता बोलता बांगडी पार करायची. दुखलं हे कळायच्या आत बांगडी मनगटावर. तिनं कधी कुणाला माप विचारलं नाही. दोन-चार, दोन-सहा, जे असेल ते तिच्या डोक्यात. मी दोन वर्षांनी माहेरी गेले तरी टोपलीतून बरोबर दोन-चारचाच गठ्ठा निघायचा. बांगडी फुटली तर 'फुटली' म्हणू द्यायची नाही, 'वाढवली म्हण' म्हणायची. भरून झाल्या की आम्ही तिच्या पाया पडायचो. आजोबा गेल्यावरही ती आली की बाईच्या शेजारी टेकायची आणि बाईचं रिकामं मनगट हातात धरून तशीच बोलत राहायची, अंगठ्याखालचं हाड दाबत. आजोबा गेले त्याआधीही ती असंच करायची. तिनं त्यात काही बदल केला नाही.

मी तुझ्याएवढी होते त्या वर्षी भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. आपलं गाव औसा तालुक्यातलं, पण आपल्याकडे भिंतींना नुसत्या भेगा गेल्या. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं मात्र आडवी झाली. घरं दगड-मातीची, दोन-दोन फूट रुंद भिंती, वर माळवद म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार राहायची म्हणून आम्हाला त्या घरांचं कौतुक होतं. तेच अंगावर आलं. आठ-दहा हजार माणसं गेली.

माझी थोरली आत्या तिकडे दिलेली होती. तुझ्या अलमारीतल्या फोटोत बाईच्या मागं उभी आहे ना, एक हात दाराच्या चौकटीला लावून, ती. ती गेली, तिचे यजमान गेले, दोन्ही मुलं गेली. अण्णा (तुझे आजोबा, माझे वडील) आणि काका ट्रकनं गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. पाऊस लागला होता. अण्णा ओसरीवर बसले आणि एवढंच म्हणाले, "एकत्रच अग्नी दिला." कुणाला कुणाशेजारी ठेवलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, बाईनंही विचारलं नाही.

आणि चिमू, बाई रडली नाही. कुणाच्याही मातीला जिचा हेल गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, ती स्वतःच्या लेकीसाठी रडली नाही. रडायला सोबत लागते. जी आत्याचं पुढचं वाक्य उचलेल, जिला आत्याचं सासरचं घर, आत्याची विहीर ठाऊक असेल, अशी बाई लागते. त्या सगळ्या बायका आत्याबरोबरच गेल्या होत्या. भूकंपाच्या दिवशी पौर्णिमा होती, लगेच पितरपाट लागला. त्या गावांत किती घरी ताट वाढायला माणूस उरला असेल, कोण जाणे. आमच्या घरी खीर झाली, वडे, कढी झाली, आणि बाई चुलीपुढून हलली नाही.

दसऱ्याच्या अलीकडे चाची आली. टोपली होती, पण तिनं फडकं काढलं नाही. ती सगळी गावं तिच्या फेरीतली होती. एसटीनं जायची आणि दारोदार फिरायची. ती ओसरीवर बसली आणि बोलायला लागली. ती नावं फारशी घेत नव्हती, मापं सांगत होती. मारुतीच्या देवळामागची ती, दोन-सहा, उजवा हात जरा मोठा, लहानपणी मोडलेला. तिची सून दोन-दोन, एवढासा हात, काळ्या बांगड्या मागायची आणि सासू देऊ द्यायची नाही. कोपऱ्यावरची ती पैशाऐवजी जोंधळे घालायची आणि नेहमी मापटं शीग लावून. एक म्हातारी, जिला भरायच्या नसायच्या, तरी हात पुढं करायची, नुसता धरून बस म्हणायची. चाची सांगत गेली, घरामागून घर, गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होते.

मग ती आत्याच्या घरापाशी आली. म्हणाली, "मामी, महालक्ष्म्यांच्या आधी तिला हिरव्या भरल्या. दोन-चार. तुमच्यासारखंच हाड, वळत नाही लवकर. पैसे दसऱ्याला देते म्हणाली."

बाई म्हणाली, "किती झाले?"

चाची म्हणाली, "त्याचं नाव काढू नका."

आणि तिथं बाईनं हेल काढला. पंधरा-वीस दिवस अडलेला. चाचीनं तिला मिठीत घेतलं आणि तिचं वाक्य उचललं. तिची बोली आमच्यापेक्षा थोडी निराळी, मधेच उर्दू यायची, पण ती आत्याचंच रडणं रडत होती, आत्याच्या दाराचं, आत्याच्या हाताचं. आई चुलीपाशी, मी खांबापाशी. आत्याची माती त्या दिवशी झाली असं मला आजही वाटतं.

नंतर सरकारनं ५२ गावं नव्या जागी वसवली, रुंद रस्ते, बुटकी घरं. चाचीनं पुन्हा फेरी सुरू केली, तिथं नवी मनगटं. दर ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी लोक जमतात, ते मी इथून फोनवर बघते. मला मात्र ओसरीवरचं तेच आठवतं.

तर तुझ्या प्रश्नाचं असं आहे. सांगायचे आमच्याकडे. पण ते सांगणं शेजारी बसून, हात धरून व्हायचं. मी उठून सात हजार किलोमीटरवर आले. इथं बसून मी कुणाचा हात धरणार? ग्रुपवर लिहायला हेल येत नाही, मग ते दोन शब्द येतात. त्यांनाही अगदीच रिकामं समजू नकोस मात्र. अण्णा गेले ते २०२१च्या मे महिन्यात. तू आठ वर्षांची होतीस, माझ्या मांडीवर बसून व्हिडिओवर बघितलंस. वीस माणसांच्या वर परवानगी नव्हती, लातूरची आजी एका कोपऱ्यात एकटी बसली होती, जवळ जायला सगळे भीत होते. त्या रात्री ग्रुपवर शंभरावर लोकांनी तेच दोन शब्द लिहिले होते आणि मी एकेक वाचलं. शब्द वाचतच नव्हते मी, नावं वाचत होते. हा अण्णांच्या वर्गातला, ह्याला त्यांनी बैल घ्यायला पैसे दिले होते, हिच्या लग्नात त्यांनी वाढलं होतं. तेव्हा मला ते पुरलं होतं. पण ज्याला नावांमागचं ठाऊक नाही त्याला ते पुरणार नाही, आणि तुला कसं ठाऊक असणार? मी सांगितलंच नाही.

चाचीच्या मातीला मामा गेला होता. गावातली निम्मी माणसं होती म्हणाला, सगळ्यांनी तीन-तीन मुठी माती दिली. बायका कब्रस्तानात जात नाहीत, त्या तिच्या घरी बसल्या होत्या. रडताना कुणी काय म्हणालं, हे मी मामाला विचारलं. तो म्हणाला, "मी बाहेर होतो गं." आता मी लातूरच्या आजीला विचारणार आहे.

आणि काल रात्री मी ग्रुपवर पुन्हा लिहिलं. लिहिलं की चाचीला माझं माप ठाऊक होतं, दोन-चार. पुढं काही सुचलं नाही म्हणून तेवढंच ठेवलं. सकाळी उठून बघितलं तर पुण्याहून, औशाहून, दुबईहून बायकांनी नुसते आकडे लिहिले होते. दोन-सहा. दोन-चार. दोन-आठ, बाळंतपणानंतर. एकीनं लिहिलं होतं, 'माझं तिलाच ठाऊक होतं, मला नाही.'

हे पत्र तुला बळंबळं काही शिकवायला लिहिलं नाही. तू कुणासाठी हेल काढावास असं मला वाटत नाही. हात जोडलेलं चित्रही तुला टाकायची गरज नाही. माझ्या कपाटात खालच्या खणात, फडक्यात गुंडाळलेल्या चाचीच्या हिरव्या आहेत. बघावंसं वाटलं तर बघ. तुझं माप काय असेल ते मला सांगता येत नाही, मी तुझा हात तसा कधी धरलाच नाही.

एक राहिलं. त्या रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईंबद्दल तू हॉलमध्ये काय बोललीस, ते मी मंगळवारी विचारलं नाही. माझं सगळं लक्ष माझ्या फोनकडे आणि माझ्या लागण्याकडे होतं. रविवारी मी भाकऱ्या करणार आहे. ओट्यापाशी येऊन बस आणि सांग. नको वाटलं तर नुसती बस.

तुझी,
आई