पॅरिसच्या ट्रिपमधून एक दिवस काढून फ्रान्सच्याच बर्गंडी भागातल्या दिजोंला जावं का? तिथली जुनी चर्च आणि मोठे वाडे खरंच बघण्यासारखे आहेत का?

जावं. आणि जमत असेल तर एक रात्र मुक्काम टाका, कारण पॅरिसच्या गार द लिओं स्टेशनवरून तेजेव्हे (TGV) या वेगवान ट्रेनने दीड-पावणेदोन तासात पोचता येतं म्हणून लोक सकाळी येतात, चर्चच्या भिंतीवरच्या दगडी घुबडाला हात लावतात, तिथल्या प्रसिद्ध मोहरीच्या चटणीच्या दोन बरण्या घेतात आणि संध्याकाळी परत. मी शिकायला म्हणून दीड वर्ष तिथे होतो आणि दर वेळी कोणीतरी ओळखीचं असं धावतपळत येऊन गेलं की मला चुटपुट लागायची, कारण दिजोंमधली खरी गंमत दरवाजांच्या आत आहे आणि त्यासाठी जरा रेंगाळावं लागतं.

आधी एक गोंधळ दूर करतो. गावात जागोजागी 'ओतेल' लिहिलेल्या पाट्या दिसतील, स्पेलिंग आपल्या हॉटेलचंच. पहिल्याच आठवड्यात मी आणि रूममेट अशाच एका ठिकाणी कॉफी मिळेल म्हणून बिनधास्त आत शिरलो, तर समोर शांत दगडी अंगण, आणि फाइल घेऊन चाललेल्या एका बाईंनी विचारलं की कोणाकडे काम आहे 😅 फ्रेंचमध्ये ओतेल म्हणजे बड्या घराण्याचा शहरातला वाडा. नगरपालिकेची इमारतसुद्धा ओतेल द व्हीलच. आपल्या वाड्यात चौक घराच्या पोटात असतो, इथे उलटं, रस्त्याला फक्त भिंत आणि घोडागाडी जाईल एवढं मोठं दार, मग अंगण, मग घर, आणि बाग पार मागे. त्यामुळे रस्त्यावरून चालताना काहीच दिसत नाही. दार उघडं असेल तर डोकवायचं, दिवसा बऱ्याच ठिकाणी अंगणापर्यंत जाऊ देतात.

एवढे वाडे एका मध्यम गावात कुठून आले? तर 1363 मध्ये फ्रान्सच्या राजाने बर्गंडी, म्हणजे दिजों ज्यात येतं तो मुलूख, आपल्या धाकट्या मुलाला, फिलिपला दिला, तो तिथला ड्यूक म्हणजे मोठा सरदार झाला, आणि पुढची शंभरेक वर्षं त्याच्या घराण्यातले ड्यूक इतके गबर झाले की राजालाच जड जायला लागले. 1477 ला शेवटचा ड्यूक शार्ल नान्सीच्या लढाईत मेला, मुलगा नव्हता, राजाने मुलूख परत घेतला. ड्यूक गेले पण त्यानंतर दिजोंला पार्लमाँ आलं. हे संसद नाही हां, वरिष्ठ कोर्ट. तिथली न्यायाधीशाची पदं पैसे देऊन विकत घेता यायची आणि बापाकडून मुलाकडे जायची, म्हणजे पैसेवाली घराणी पिढ्यानपिढ्या तिथेच. बहुतेक वाडे या कोर्टवाल्यांचे, ड्यूकांचे नाहीत.

सुरुवात नोत्रदामपासून करा (पॅरिसचं नाही, दिजोंचंही एक नोत्रदाम आहे, तेराव्या शतकातलं). समोरून बघितलं की चर्च कमी आणि भिंत जास्त वाटते, कारण दर्शनी भागावर गार्गॉयल म्हणजे ते विचित्र दगडी प्राणी-माणसं तीन ओळींत बाहेर डोकावतात, एकूण 51, एरवी गार्गॉयलच्या तोंडातून छपरावरचं पाणी पडतं, पण इथे एकातूनही पडत नाही, नुसती शोभा! त्यांची एक कथा सांगतात. एक सावकार लग्नासाठी चर्चच्या दारात उभा होता आणि वरच्या दगडी सावकाराची पैशाची थैली तुटून नेमकी ह्याच्या डोक्यात पडली, जागीच खलास. मग बाकीच्या सावकारांनी घाबरून वरची शिल्पं काढायला लावली म्हणे. खरंखोटं देव जाणे, पण आत्ता दिसतात ती एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत बसवलेली आहेत एवढं नक्की. वर घड्याळाजवळ घंटा वाजवणारा धातूचा पुतळा आहे, जाकमार. तो फिलिपने 1382 मध्ये फ्लँडर्समधल्या (आता बेल्जियममध्ये) कोर्त्रे गावातून लूट म्हणून उचलून आणला. पुढे लोकांना वाटलं बिचारा एकटा आहे, म्हणून त्याला बायको दिली, मग मुलगा, मग मुलगी. पाचशे वर्षांत संसार पूर्ण झाला त्याचा.

चर्चच्या कडेच्या गल्लीत भिंतीवर कोरलेलं ते प्रसिद्ध घुबड, डाव्या हाताने चोळायचं आणि इच्छा मागायची, चोळून चोळून त्याचं नाकडोळे काही राहिलेलं नाही. 2001 मध्ये कोणीतरी हातोडा घालून ते फोडलं होतं, साच्यावरून परत नीट केलं. आपल्याकडे घुबड म्हणजे अपशकुन, आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली हात धू आधी.

तसंच पुढे गेलात की मेझों मिलिएर, 1483 चं लाकडी चौकटीचं घर, आणि चर्चच्या मागेच ओतेल द व्होग्वे, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याचं छप्पर बघा, रंगीत चकचकीत कौलांची नक्षी, बर्गंडीची खास ओळख. पण माझा सगळ्यात आवडता वाडा रू दे फोर्जवरचा ओतेल शांबेलां. पंधराव्या शतकातला, बाहेरून साधा बोळ वाटतो. आत अंगणात गोल दगडी जिना आहे, तो चढून अगदी वर गेलात की छताच्या दगडी फासळ्या टोपलीतून फुटल्यासारख्या वर जाऊन पसरतात आणि ती टोपली एका माळ्याच्या पुतळ्याने धरलीय. मी पाहुण्यांना तिथे नेऊन काही न बोलता नुसतं वर बघा म्हणायचो.

बाकी चर्चपैकी सें-बेनीन्यच्या कॅथेड्रलमध्ये वर फार वेळ घालवू नका, खाली तळघरात उतरा. अकराव्या शतकातल्या तीन मजली गोल इमारतीचा तळमजला आहे तो, वरचे मजले राज्यक्रांतीत पाडले, हा ढिगाऱ्यात गाडला गेला आणि 1843 मध्ये परत सापडला. खांबांच्या रांगा, मंद उजेड, माणसं जवळपास नाहीत. शेजारचं सें-फिलिबेर मात्र दुर्दैवी. क्रांतीनंतर त्यात मिठाचं कोठार केलं, मीठ दगडात मुरलं, आणि विसाव्या शतकात कोणीतरी शहाण्याने जमिनीखालून हीटिंग बसवलं तर ते मीठ उफाळून वर आलं आणि दगड झिजायला लागले. सें-मिशेल बाहेरून बघितलं तरी चालेल, मध्ययुगीन गॉथिक शैलीच्या अंगाला नंतरच्या रेनेसांस शैलीचं तोंड लावलंय.

ड्यूकांच्या राजवाड्यात आता नगरपालिका आणि म्युझियम आहे, म्युझियम फुकट आहे. तिथे फिलिप आणि त्याचा मुलगा जाँ यांच्या कबरी आहेत, आणि खरं बघायचं ते कबरीवर झोपलेल्या ड्यूककडे नाही, तर खाली फिरणाऱ्या शोक करणाऱ्या छोट्या छोट्या पुतळ्यांकडे. एक डोळे पुसतोय, एकाने टोपी पार तोंडावर ओढलीय. खाली बसूनच बघा, उभ्याने कळत नाही. 46 मीटरच्या फिलिप ल बों (हा फिलिप वेगळा, आधीच्या फिलिपचा नातू) बुरुजावर चढायचं असेल तर टुरिस्ट ऑफिसमधून आधी वेळ घ्यावी लागते, पायऱ्या 316 आहेत, गुडघे बघून ठरवा.

आणि मंगळवारी जाऊ नका, म्युझियम बंद असतं.